जुने संदर्भ मागवण्यापूर्वी एवढे वाचा

"पुस्तकाचं नाव काही ठाऊक नाही, पण आमच्या आजोबांचा तिथे कारखाना होता," असे म्हणून ग्राहक जरा ओशाळतात. ओशाळू नका. पुस्तकाच्या नावापेक्षा आम्हाला गावाचे नाव आणि अंदाजे साल जास्त उपयोगी पडते. पुस्तक शोधणे आमचे काम.

आमच्या दुकानात जिल्हा गॅझेटियर (जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे सरकारी ग्रंथ), सरकारी खात्यांचे अहवाल, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, गावांची-शहरांची जुनी वर्णने आणि उद्योग-व्यापाराची मासिके मिळतात. कथा-कादंबऱ्या आणि शाळेची पुस्तके आम्ही ठेवत नाही.

तुमचे गाव तेव्हा कुणाच्या हद्दीत होते?

निम्मी शोधाशोध इथेच चुकते. पालघरचे ग्राहक पालघरचे गॅझेटियर मागतात. पण तो जिल्हा झाला २०१४ साली. त्यांची माहिती ठाण्याच्या १८८२ च्या खंडांत आहे. सिंधुदुर्गवाल्यांनी रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा खंड पाहावा, रायगडवाल्यांनी कुलाब्याचा १८८३ चा, तर जळगाव, धुळे, नंदुरबारकरांनी खानदेशचा १८८० चा. हे सगळे मुंबई इलाख्याच्या मालिकेतले खंड, संपादक जेम्स कॅम्पबेल. विदर्भ या मालिकेत नाही. नागपूरचे गॅझेटियर १९०८ चे आहे, अकोल्याचे १९१० चे, आणि मालिका वेगळी. मराठवाडा निजामाकडे होता, म्हणून औरंगाबादचा १८८४ चा ग्रंथ स्वतंत्र निघाला.

संस्थानांची गोष्ट आणखी अवघड. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली ती औंध संस्थानात. तिथल्या किर्लोस्करांच्या कारखान्याचा माग मुंबई सरकारच्या कागदांत काढत बसलात तर हाती फार काही लागणार नाही. अशा वेळी आम्ही आधी संस्थानचे वार्षिक कारभार-अहवाल शोधतो. ते मिळायला वेळ लागतो, आणि किंमतही जास्त पडते.

गॅझेटियर वाचताना एक ध्यानात ठेवा. पिके, बाजार, रस्ते, हुन्नर यांची माहिती त्यात भरघोस आहे. जाती-जमातींवरची प्रकरणे मात्र गोऱ्या अधिकाऱ्यांच्या चष्म्यातून लिहिलेली आहेत. काही वाक्ये वाचून चीड येईल. यायलाच हवी.

नुसता मजकूर वाचायचा असेल तर जुने खंड विकत घेऊ नका, हे आम्ही दुकानदार असूनही सांगतो. राज्य सरकारच्या दर्शनिका (म्हणजेच गॅझेटियर) विभागाने जुन्या खंडांचे पुनर्मुद्रण केले आहे आणि बरेच खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मूळ प्रत घ्यावी ती संग्रहासाठी किंवा नकाशासाठी. नकाशा जागेवर आहे की कुणी फाडून नेला आहे, हे आम्ही प्रत्येक पावतीवर लिहून देतो.

मासिकांत आधी जाहिराती बघा

आमचा खरा जीव इथे गुंतला आहे. १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' हे नावाजलेले मासिक झाले. नागपूरचे 'उद्यम', पुण्यातल्या मराठा चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संस्थेचे 'संपदा', मुंबईचे १८९० पासूनचे 'इंडियन टेक्स्टाइल जर्नल' यांच्याही प्रती अधूनमधून हाती येतात. यांतले लेख चांगलेच आहेत. पण कोणते यंत्र कुठून येत होते, एजंट कोण होता, दर काय होता, दुकान कोणत्या गल्लीत होते, हे सारे जाहिरातींत सापडते. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलासारख्या मालाचा माग काढायचा तर जाहिरातींइतका जवळचा पुरावा दुसरा नाही.

दुर्दैव असे की वाचनालये वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने बऱ्याचदा काढून टाकत. त्यामुळे सुबक बांधीव खंडापेक्षा रद्दीतून आलेला, कोपरे मुडपलेला सुटा अंक आम्ही महाग विकतो. ग्राहक घासाघीस करतात. आम्ही ऐकत नाही.

पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतलेले एक गृहस्थ मध्यंतरी आले होते. सोसायटीच्या स्मरणिकेसाठी त्यांना गावाचा इतिहास हवा होता. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली याच गावाची पाहणी छापली होती: जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती. गृहस्थ दुकानातच उभ्या-उभ्या तासभर वाचत राहिले.

साल आणि पैसा

मुखपृष्ठावर शके असेल तर ७८ मिळवा. निजामी कागदांवरच्या फसली सनात साधारण ५९० मिळवावे लागतात. १९५७ पूर्वीच्या दरपत्रकातले '०-३-६' म्हणजे साडेतीन आणे. आण्याचे पै बारा आणि रुपयाचे आणे सोळा.

प्रतीची अवस्था

पावतीवर 'कसर' लिहिले असेल तर पानांना भोके आहेत, पण मजकूर वाचता येतो. 'ठिसूळ' म्हणजे पान दुमडले की तुटेल. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होती, त्यामुळे त्या वर्षांचे अंक बहुधा याच गटात मोडतात. घरी नेल्यावर चिकटपट्टी अजिबात लावू नका. काही वर्षांनी ती पानासकट अक्षरे घेऊन निघते. शिवण सुटली तर आमच्याकडे आणा. आमचे बाइंडर खळ लावून, दोऱ्याने पुन्हा शिवून देतात.

स्कॅन आणि परदेशी टपाल

साठ वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या सरकारी प्रकाशनांचे स्कॅन आम्ही करून देतो. मासिकातल्या लेखाचे तसे नाही. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे असतात, त्यामुळे तिथे आम्ही आधी विचारपूस करतो. पंचाहत्तर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. म्हणून असे कागद आम्ही देशाबाहेर पाठवत नाही. परदेशातल्या मंडळींनी अशा कागदांचे स्कॅन मागावेत.

मागणी नोंदवताना गाव, तालुका, अंदाजे साल आणि धंदा एवढे कळवा. घरात जुनी पावती, लेटरहेड किंवा दुकानासमोरचा फोटो असेल तर त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत पाठवा. फोटोतली पाटी वाचता आली तरी आमचे दोन दिवस वाचतात.