वल्ह्याच्या पात्याची चमक

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावरून कयाक (दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद नौका) घेऊन उघड्या समुद्रात गेलेल्या माणसाला समोरून येणारी मासेमारीची बोट स्पष्ट दिसत असते आणि तिच्या तांडेलालाही आपण तसेच दिसत असू, असे तो सहज धरून चालतो. हा समज जिवावर बेतू शकतो. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे पाण्यावर दिसते ते जेमतेम अर्धा मीटर रुंदीचे धड आणि डोके. ५०० मीटरवरून ते, हात लांब करून चिमटीत धरलेल्या मोहरीच्या दाण्यापेक्षाही अरुंद दिसते आणि मीटरभराची लाट मध्ये आली की तेवढेही नाहीसे होते. २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर, वेगाची बोट हे अंतर सुमारे ५० सेकंदांत कापते.

त्यात भूमितीची भर पडते. दोन नौका आपापल्या सरळ मार्गाने, वेग न बदलता, एकाच बिंदूवर एकाच वेळी पोहोचणार असतील, तर एकीवरून पाहताना दुसरीची दिशा बदलत नाही. ती नजरेत जागच्या जागी राहून फक्त हळूहळू मोठी होत जाते. डोळ्याची कड आकार ओळखण्यात कच्ची असली तरी हालचाल चटकन टिपते. पण जिच्याशी टक्कर व्हायची, नेमकी तीच नौका हललेली दिसत नाही. अशा वेळी वल्ह्याची पाती उपयोगी पडतात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वर येणारे ओले पाते उन्हात लखलखते आणि लाटांच्या वरही उचलले जाते. वजनाला हलकी म्हणून काळी कार्बन फायबरची पाती घेणाऱ्यांनी ती निदान एका बाजूने भडक पिवळी किंवा नारिंगी करून घ्यावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

फ्लुरोसंट रंग अतिनील आणि निळा प्रकाश शोषून तो पिवळ्या-हिरव्या किंवा नारिंगी उजेडाच्या रूपाने परत देतात, म्हणून ते साध्या रंगांहून उजळ दिसतात. दिवसा आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो; अंधारू लागले की ही संवेदनशीलता निळ्या बाजूला सरकते. तिन्हीसांजेला दारातली लाल जास्वंद काळपट होते, पाने मात्र ओळखू येतात, ते यामुळेच. लाल लाईफ जॅकेटचेही तसेच होते. शिवाय आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो. संध्याकाळी बाहेर निघालेल्या बोटींना पश्चिमेच्या झळाळीत कोणताच रंग दिसत नाही, दिसली तर नुसती काळी आकृती.

रडारवरही भिस्त ठेवता येत नाही. प्लास्टिकच्या कयाकमधून रडारच्या लहरी बहुतांशी आरपार जातात आणि माणसाच्या अंगावरून परतणारा क्षीण प्रतिध्वनी लाटांच्या प्रतिध्वनींत हरवतो.

अंधार पडल्यावर मात्र १९७२च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतली तरतूद पाळायलाच हवी: वल्हवायच्या नौकेने ठरलेले दिवे लावले नसतील, तर पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी ठेवावी आणि टक्कर टळेल इतक्या आधी ती दाखवावी. हाताशी म्हणजे लाईफ जॅकेटच्या खांद्याला दोरीने बांधलेली. कयाकच्या पोटातल्या बंद कप्प्यातली बॅटरी त्या ५० सेकंदांत हाती येत नाही.