दरडीनंतरची मदत: मानसिक प्रथमोपचार वेगळे, मानसोपचार वेगळे

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबलं. अशा दुर्घटनेनंतर ‘वाचलेल्यांना समुपदेशन द्या’ ही मागणी लगेच होते. ती रास्तच आहे. पण तिच्यात दोन निरनिराळी कामं मिसळलेली असतात.

पहिलं काम मानसिक प्रथमोपचाराचं. त्याला डॉक्टर लागत नाही. थोडं प्रशिक्षण मिळालेल्या आशाताई, शिक्षक, स्वयंसेवक ते करू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत त्याचं सार तीन सूचनांत आहे: पाहा, ऐका, हव्या त्या मदतीशी आणि आपल्या माणसांशी जोडून द्या. म्हणजे कोरडे कपडे मिळाले का, पोरं आपल्या माणसांजवळ आहेत का, शोधाची खरी बातमी घरच्यांना कोण सांगतंय, हे बघायचं. कुणी आपणहून बोललं तर ऐकायचं. ‘तेव्हा तू कुठे होतीस? काय काय दिसलं?’ असं खोदून विचारायचं नाही. ‘एकदा सगळं बोलून मन मोकळं कर’ हा आग्रह मायेपोटी होतो, पण घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना तसं करू नका असंच सांगते. पहिल्या महिन्यात केवळ या त्रासासाठी झोपेच्या, गुंगीच्या गोळ्या सुरू करण्याचा सल्लाही ती देत नाही.

या दिवसांत झोप उडणं, दचकणं, रडूच न येणं हे सारं स्वाभाविक आहे. आपली माणसं जवळ असली, निवारा मिळाला की बहुतेकांचं हळूहळू निवळतं.

काहींचं निवळत नाही. महिना उलटला तरी पत्र्यावर पाऊस वाजू लागला की बाई अंथरुणात उठून बसते, झोपलेल्या पोरांना उठवून दाराशी आणते आणि उजाडेपर्यंत तिथेच बसते. कामावर जाणं सुटतं, दारू वाढते. इथे दुसरं काम सुरू होतं, ते म्हणजे मानसोपचार. मानसोपचारतज्ज्ञ हा औषध देऊ शकणारा डॉक्टर, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ संवादातून उपचार करतो. घोटाळा होतो तो इथेच, कारण या उपचारांतही त्या रात्रीबद्दल बोललं जातं. मात्र ते रुग्णाच्या गतीने, ठरलेल्या बैठकांत, त्याच प्रशिक्षित माणसासमोर, काही आठवडे चालतं. छावणीत जे जाचक ठरतं तेच इथे औषध होतं.

भीतीचं कारण समोर उभं असेल तर मात्र तिला आजार म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड माळवदाची घरं माणसांवर कोसळली. नंतरचे धक्के चालू असताना लोक छताखाली झोपायला धजत नव्हते, त्यात शहाणपण होतं. डोंगराखाली राहणाऱ्याला आधी सुरक्षित जागा द्यायला हवी. तसंच ज्यांच्या घरचं माणूस सापडलंच नाही, ज्यांना दहावं कधी करावं तेही ठरवता येत नाही, त्यांना ‘आता मान्य कर’ म्हणून कुणी रेटू नये.

मला सर्वांत जास्त खटकतं ते वेळेचं गणित. पहिल्या आठवड्यात छावणीत मदतीला माणसं मावत नाहीत आणि उपचारांची गरज लागते तेव्हा कुणी फिरकत नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, १५१ जणांचा जीव गेला. नवं गाव उभं राहायला २०१७ उजाडलं. तज्ज्ञांच्या फेऱ्या तितका काळ, निदान पुढचे दोन-तीन पावसाळे तरी, ठरवून ठेवायला हव्यात.

जीव द्यावासा वाटणं, खाणंपिणं सोडणं, भलतंच दिसणं-ऐकू येणं असं काही असेल तर महिन्याची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठावा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतूनही बोलता येतं. त्रास होणारा माणूस बोलायला तयार नसेल, तर काय करावं हे विचारायला घरच्यांनीही तो लावावा.