जंगली टर्की पांढरी, लाल, काळी कशी काय? या रंगांची जुनी गोष्ट

अमेरिकेत रानाच्या कडेला टर्कीचा, म्हणजे कोंबडीच्या कुळातल्या त्या मोठ्या पक्ष्याचा, थवा चरत असतो आणि त्यात मधेच एखादी फिकट, राखाडी-पांढरी मादी दिसते, तेव्हा बघणारा लगेच म्हणतो की ही कुणाच्या तरी फार्मवरून पळालेली असणार, नाहीतर मग अल्बिनो, म्हणजे अंगात रंगद्रव्यच नसलेली, असेल. अल्बिनो तर ती जवळपास कधीच नसते, आणि फार्मवाला अंदाजही वाटतो तितका सरळ नाहीये. कारण जंगली आणि पाळीव टर्कीचे रंग एकमेकांपासून पूर्णपणे कधी तुटलेलेच नाहीत, गेली चारपाचशे वर्षं ते इकडून तिकडे आणि तिकडून इकडे येत-जात राहिलेत.

नेहमीचा रंग आधी सांगते. जंगली नर लांबून काळाच वाटतो, पण उन्हात आला की प्रत्येक पिसावर तांबूस, हिरवट, जांभळट झाक फिरते, पिसाच्या टोकाला काळी कड असते आणि पंखांच्या मोठ्या पिसांवर काळे-पांढरे पट्टे. शेपटीची टोकं मात्र प्रदेशाप्रमाणे बदलतात. पूर्वेकडच्या टर्कीची गडद तपकिरी, टेक्ससकडच्या रिओ ग्रँड टर्कीची फिकट बदामी, रॉकी पर्वताकडच्या मेरियमची जवळजवळ पांढरी, आणि मेक्सिकोच्या बाजूच्या गूल्ड्सची तर पांढरीशुभ्रच. हे शेपटीचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यापेक्षा वेगळे असे मुख्य चार प्रकार जंगलात दिसतात. त्यातल्या त्यात जास्त दिसतो तो धुरकट, म्हणजे इंग्रजीत ज्याला स्मोक फेज म्हणतात तो. मी अशी एक मादी आमच्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये रस्त्याच्या अगदी जवळून पाहिलीये, ती पांढरी नव्हतीच मुळात, पांढरट पिसांच्या टोकांना करड्या-काळ्या कडा होत्या, पंखांवरचे पट्टे अगदी फिके पण जागच्या जागी, आणि डोळे गडद, बाकीच्या माद्यांसारखेच. म्हणजे नक्षी सगळी शाबूत आणि फक्त तपकिरी रंग कुणीतरी काढून घेतल्यासारखा. दुसरा लालसर, त्यात काळा रंग कमी पडतो आणि सगळा पक्षी विटकरी दिसतो. तिसरा काळाकुळकुळीत, मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य जास्त झाल्यामुळे. आणि चौथा खरा अल्बिनो, ज्यात रंगद्रव्य तयारच होत नाही, डोळेसुद्धा गुलाबी. हा सगळ्यात दुर्मिळ, आणि जन्मला तरी पांढऱ्या पिल्लाला शिकारी पक्ष्यांपासून लपायचं कसं हा प्रश्न असतोच.

आता गंमत बघा. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागून नावाचा स्पॅनिश पाद्री मेक्सिकोत तिथल्या मूळच्या नहुआ लोकांकडून त्यांची सगळी माहिती गोळा करत होता, त्याचं ते प्रचंड मोठं लिखाण 1577 च्या सुमारास पुरं झालं, आणि त्यात तिथल्या पाळीव टर्कीबद्दल तो लिहितो की काही पांढऱ्या असतात, काही लाल, काही काळ्या आणि काही करड्या-तपकिरी. म्हणजे आज शिकारी लोक ज्या रंगांचे फोटो काढून हरखून जातात, साधारण तेच रंग तेव्हा मेक्सिकोच्या अंगणात फिरत होते! मेक्सिकोत टर्की पाळायला लागून तेव्हाच दीड-दोन हजार वर्षं तरी होऊन गेली होती, आणि जंगलात जे रंगीत पिल्लू कोल्ह्याच्या तोंडी गेलं असतं ते माणसाच्या आश्रयाला जगतं, वाढतं, त्याची पुढे पैदास होते. मला तरी यातून हेच दिसतं की हे रंग फार्मवर नव्याने निर्माण झालेले नाहीत, ते या पक्ष्याच्या रक्तातच दडलेले होते, माणसाने फक्त ते टिकवले.

स्पॅनिश लोकांनी ही पाळीव टर्की युरोपात नेली आणि ती भराभर पसरली. 1550 मध्ये इंग्लंडात विल्यम स्ट्रिकलंड नावाच्या गृहस्थाला जे कुलचिन्ह मिळालं त्यावरसुद्धा टर्कीच होती. स्पेनमध्ये आणि इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये काळ्या टर्कीला पसंती मिळाली आणि तोच रंग निवडून निवडून पक्का केला गेला. पोर्तुगीजांमार्फत पक्षी आपल्या गोव्यापर्यंतही पोचला. 1612 मध्ये मुकर्रब खान या सरदाराने मुघल बादशहा जहांगीरसाठी गोव्याहून ज्या अपूर्व वस्तू आणल्या त्यात एक टर्की होती, दरबारी चित्रकार मन्सूरने तिचं चित्र काढलं आणि ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. जहांगीरने लिहून ठेवलंय की हिचं डोकं आणि मान क्षणाक्षणाला रंग बदलते, कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, कधी फिरोजी. तो मानेच्या उघड्या कातडीचा रंग, पिसांचा नव्हे, पण निरीक्षण काय बारीक आहे बघा.

खरा गुंता यानंतर झाला. युरोपातले वसाहतवाले अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेले ते आपली पाळीव टर्की घेऊन, म्हणजे मेक्सिकोच्या पक्ष्याचे वंशज समुद्र ओलांडून परत अमेरिकेत, आणि तिथे जंगलात त्यांची पूर्वेकडची भावंडं होतीच. पाळीव पक्षी मोकळे चरायचे, वसंतात जंगली नर माद्यांपर्यंत पोचायचे. या संकरातून काशासारखी झाक असलेली ब्रॉन्झ जात आली, ऱ्होड आयलंडकडे नॅरागॅन्सेट नावाची करड्या-पांढऱ्या पट्ट्यांची जात आली. 1874 मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने ब्रॉन्झ, नॅरागॅन्सेट, काळी, पांढरी हॉलंड आणि निळसर करडी स्लेट अशा जातींना मान्यता दिली, लाल रंगाच्या बोर्बन रेडला 1909 मध्ये.

नॅरागॅन्सेटच्या रंगाचा जीन लिंगाशी जोडलेला आणि अप्रभावी आहे, म्हणजे जोडीला नेहमीचा जीन असला की तो दबून राहतो. पक्ष्यांमध्ये नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात आणि मादीकडे एकच, त्यामुळे असा जीन मादीत एकदाच आला तरी रंग दिसतो, नरात मात्र दोन्ही बाजूंनी यावा लागतो. जंगलातल्या धुरकट टर्कीमध्येही माद्याच जास्त दिसतात आणि रंगसुद्धा नॅरागॅन्सेटशी खूप मिळताजुळता, म्हणून पाळीव रक्ताचा संशय घेणाऱ्यांना मी अगदीच खोडून काढणार नाही.

त्यात विसाव्या शतकाने भर घातली. शिकार आणि जंगलतोडीमुळे टर्की बहुतेक राज्यांतून संपत आली होती, मॅसॅच्युसेट्समधून तर 1851 मध्येच संपली. मग सरकारी खात्यांनी फार्मवर पैदास करून हजारोंनी पक्षी जंगलात सोडले, अनेकदा जंगली नर आणि पाळीव वळणाच्या माद्या यांची पिल्लं. ती टिकली नाहीत. का टिकली नाहीत हे वन्यजीव अभ्यासक ए. स्टार्कर लिओपोल्ड यांनी 1944 मध्ये मिसूरीतल्या अभ्यासातून दाखवलं, जंगली पक्ष्याचा मेंदू पाळीवपेक्षा मोठा, पिल्लं आईच्या एका इशाऱ्यावर गप्प दबून बसतात, संकरित पिल्लांना ते तितकं जमत नाही. बहुतेक मेले खरे, पण सगळेच मेले असं कोण छातीठोकपणे सांगणार? 1951 मध्ये साऊथ कॅरोलिनात तोफेने उडणारं जाळं टाकून अस्सल जंगली टर्की पकडायची युक्ती सापडली आणि तिथून चित्र पालटलं. 1972-73 मध्ये न्यूयॉर्कमधून आणलेल्या 37 टर्की मॅसॅच्युसेट्सच्या बर्कशायर भागात सोडल्या, आज राज्यात टर्की हजारोंच्या संख्येत आहेत आणि बॉस्टनच्या उपनगरांत आपल्या मराठी मंडळींच्या ड्राइव्हवेवर खुशाल ठाण मांडून बसतात. इतक्या थोड्या पक्ष्यांपासून एवढा विस्तार झाला की नात्यातल्या नात्यात जोड्या जमणं आलंच, आणि मग दडलेले अप्रभावी रंग वर यायला कुठल्या फार्मची गरज पडत नाही.

मग ओळखायचं कसं? पूर्ण पांढरा पक्षी दिसला तर आधी डोळे बघा, गुलाबी नसतील तर अल्बिनो नाही. अंगावर पट्ट्यांची नक्षी असेल तर धुरकट. थँक्सगिव्हिंगच्या अमेरिकन सणाला जी पांढरी, रुंद छातीची टर्की ताटात येते तिला धड उडताही येत नाही आणि नैसर्गिक समागमही जमत नाही, ती जंगलात रात्री झाडावर बसून हिवाळा काढेल हे शक्य वाटत नाही. जुन्या जातींच्या मोकळ्या सोडलेल्या पक्ष्यांचं मात्र वेगळं, त्या व्यवस्थित उडतात. पूर्वेकडच्या राज्यांत शेपटीची टोकं तपकिरीऐवजी पांढरी दिसली तर संशय घ्यायला जागा आहे, कारण पाळीव ब्रॉन्झला पांढरी टोकं तिच्या मेक्सिकोच्या पूर्वजांकडून मिळालीत. ॲरिझोनात ही खूण चालत नाही, तिथल्या मेरियम आणि गूल्ड्सची शेपटी मुळातच पांढऱ्या टोकांची.