डीसी कन्व्हर्टर मॉड्यूल बंद पडलं? खोलण्याआधी हे वाचा

डीसी कन्व्हर्टर मॉड्यूल म्हणजे एका डीसी व्होल्टेजवरून (इनपुट) दुसरं ठरावीक डीसी व्होल्टेज (आउटपुट) देणारी डबी. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या टेबलावर ‘गेलं’ म्हणून येणाऱ्या मॉड्यूल्सपैकी बरीचशी ठणठणीत असतात. सप्लाय जोडला की निमूट चालू होतात. साइटवर ती बंद पडली, कारण बाहेर काहीतरी चुकत होतं आणि वेळेवर बंद होणं हे त्यांचं कामच आहे. म्हणून हे माहितीपत्रक.

इनपुट कमी पडलं तर

सर्वात जास्त तक्रारी याच्याच. २४ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं मॉड्यूल साधारण १८ ते ३६ व्होल्टवर चालतं. इनपुट त्याखाली घसरलं की ते स्वतःला बंद करतं.

तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाण्याच्या शीतगृहातला किस्सा सांगतो. सोलरच्या २४ व्होल्ट बॅटरीवर कॅमेरे, राउटर, कंट्रोलर असा सगळा मिळून १६० वॉटचा भार. दुपारभर सुरळीत, अंधार पडला की मॉड्यूल बसवलेलं कंट्रोल पॅनेल लुकलुकायला लागायचं. दोन मॉड्यूल्स बदलून झाली, तरी तेच. शेवटी आम्ही मल्टिमीटर घेऊन गेलो. बॅटरीवर २३ व्होल्ट होते, मॉड्यूलच्या टर्मिनलवर मात्र काटा १६ पर्यंत आपटून परत वर जात होता. बॅटरीपासून पॅनेल वीस मीटर लांब आणि वायर एक एमएमची (म्हणजे एक चौरस मिलिमीटर). जाऊन-येऊन चाळीस मीटर तांबं, म्हणजे पाऊण ओहमच्या आसपास.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बल्बला व्होल्टेज कमी मिळालं की तो करंटही कमी ओढतो. कन्व्हर्टरचं उलट आहे. त्याला पुढे ठरलेले वॉट द्यायचेच असतात, त्यामुळे व्होल्टेज घटलं की तो करंट जास्त ओढतो. करंट वाढला की वायरमध्ये आणखी व्होल्ट पडतात आणि मॉड्यूल बंद होतं. भार सुटताच व्होल्टेज पुन्हा २३, मॉड्यूल पुन्हा चालू. हा पाठशिवणीचा खेळ रात्रभर. चार एमएमची वायर टाकली आणि जुनंच मॉड्यूल परत बसवलं. बदली म्हणून लावलेली दोन्ही आमच्याकडे अजून टेस्टिंगला वापरतो.

आउटपुटला जास्त भार किंवा शॉर्ट

मॉड्यूल क्षणभर चालू होतं, बंद होतं, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतं. वायरमन मंडळी याला ‘उचकी लागली’ म्हणतात, आणि नेमकं तेच आहे. शॉर्ट निघाला की उचकी आपोआप थांबते. आउटपुटच्या वायर सोडून बघा. रिकामं मॉड्यूल नीट चाललं तर दोष पुढे आहे. शॉर्ट सापडला नाही, तर आउटपुटवर कुणी भलामोठा कपॅसिटर लावलाय का तेही पाहा.

आउटपुट जास्त वाढलं तर

तेव्हाही मॉड्यूल बंद होतं. काही मॉडेल्स आपणहून परत येतात. काहींना इनपुट पूर्ण काढून पुन्हा द्यावं लागतं. बहुतेक वेळा चुकीचा ट्रिम रेझिस्टर (आउटपुट थोडं वर-खाली करणारा) किंवा सुटलेली सेन्स वायर (लोडवरचं व्होल्टेज मॉड्यूलला कळवणारी) निघते.

ट्रिम आणि सेन्स

ट्रिमने आउटपुट सहसा दहा टक्के वर-खाली करता येतं. पण व्होल्ट वाढवले म्हणून वॉट वाढत नाहीत. ५ व्होल्ट, १० अँपिअरचं मॉड्यूल ५.५ वर नेलं तर त्यातून ९ अँपिअरच घ्या.

सेन्सच्या दोन बारीक वायर थेट लोडच्या टर्मिनलवर न्या, म्हणजे वाटेतली घट मॉड्यूल भरून काढतं. मर्यादा बहुतेक अर्ध्या व्होल्टची. पाच मीटरवर ५ अँपिअर न्यायचे असतील तर दीड एमएममध्ये ०.६ व्होल्ट पडतात, अडीचमध्ये ०.३७. म्हणजे अडीचच घ्या. सेन्स वापरायचं नसेल तर त्या पिना मॉड्यूलजवळच आपापल्या आउटपुटला जोडा, मोकळ्या सोडू नका.

ऑन-ऑफ पिन

मॉड्यूल बाहेरून चालू-बंद करायची ही पिन दोन तऱ्हेची येते. एकीत मोकळी सोडली की मॉड्यूल चालू, दुसरीत मोकळी सोडली की बंद. ही दुसरी चालू करायला इनपुटच्या मायनसला जोडावी लागते. एकाच्या जागी दुसरं बसवलं की ‘नवीन मॉड्यूल डेड’ असा फोन येतो. लेबलवरचा पूर्ण नंबर जुळवा, शेवटचं अक्षरसुद्धा. आणि या पिनला थेट २४ व्होल्ट देऊ नका.

उष्णता

१०० वॉट देणारं, ९० टक्के कार्यक्षमतेचं मॉड्यूल ११ वॉट उष्णता सोडतं, म्हणजे पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळजवळ निम्मी. ती सतत, बंद पेटीत. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरचं पत्र्याचं पॅनेल दुपारी तीनला बंद पडून सातला चालू होत असेल तर दुसरं कारण शोधू नका. हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा भाग) मध्ये पेस्ट लावून घट्ट बसवा, पेटीला जाळी ठेवा.

मॉड्यूलमध्ये नसतं ते

इनपुटचा फ्यूज बाहेरून तुम्हालाच लावायचा आहे. प्लस-मायनस उलटं लागलं तर आमच्या बहुतेक मॉडेल्सना संरक्षण नाही; तसं जळालेलं मॉड्यूल वॉरंटीत बदलून मिळत नाही, यावर कृपया वाद घालू नये.

दुरुस्तीला आणताना भार चालू असतानाचं टर्मिनलवरचं इनपुट व्होल्टेज, वायरची जाडी आणि लांबी कागदावर लिहून आणा. पॅनेलचा एक फोटोही असू द्या, दार उघडं ठेवून काढलेला.