खाटेवरून उठण्याचे विज्ञान

वार्धक्यावरील संशोधन म्हटले की आयुष्य वाढवणारी औषधे, प्रयोगशाळेतील दीर्घायुषी उंदीर आणि शंभरी ओलांडलेल्यांचा आहार यांचीच चर्चा अधिक होते. वृद्धांची काळजी कशी घ्यावी, या विषयावरील संशोधनाच्या वाट्याला तेवढे कुतूहल येत नाही, कारण त्यातील प्रश्न वरवर अगदी साधे वाटतात. न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल झालेली ८० वर्षांची व्यक्ती न्यूमोनियातून बरी झाली, परंतु चालत आलेली ती व्यक्ती परतताना चाकांच्या खुर्चीतून गेली, तर तो उपचार यशस्वी मानायचा का? या प्रश्नाने वैद्यकातील एका संपूर्ण शाखेला जन्म दिला आहे.

१९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयातील डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या निराधारगृहातील ७१४ रुग्णांची जबाबदारी आली. त्यांतील अनेक जण दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले होते आणि कित्येकांच्या आजाराचे नीट निदानही झालेले नव्हते. वॉरन यांनी प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करून ज्यांना उठवता येईल त्यांना उठवायला सुरुवात केली, आणि त्यांतील काही जण पुढे चक्क घरी गेले. त्या रुग्णांना जागेवर जखडून ठेवण्यात वयाइतकाच खाटेचाही हात होता.

खाटेचा हा परिणाम पुढे मोजलाही गेला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस पूर्ण विश्रांती देण्यात आली. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील चरबीविरहित वस्तुमान जवळजवळ एक किलोने घटले. स्नायूंतील प्रथिने सतत झिजत आणि नव्याने बनत असतात. हालचाल थांबली की नवी प्रथिने बनण्याचा वेग मंदावतो, आणि वाढत्या वयात स्नायू आहारातील प्रथिनांना पुरेसा प्रतिसाद देत नसल्यामुळे केवळ चांगले जेवण देऊन ही तूट भरून निघत नाही. हे स्वयंसेवक निरोगी होते, ही बाब विसरून चालणार नाही. आजारी माणसाच्या बाबतीत ताप, दाह आणि मंदावलेली भूक यांची त्यात भर पडते.

रुग्णालयातील दुसरा धोका मेंदूला असतो. घरी व्यवस्थित बोलणारी व्यक्ती दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांत अचानक गोंधळते, वेळ-काळ विसरते, रात्रभर जागते किंवा उलट गप्प आणि सुस्त होते. या तीव्र संभ्रमावस्थेला डॉक्टर ‘डिलिरियम’ म्हणतात. ‘वय झाले, असे व्हायचेच’ म्हणून तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होत असे, आणि आजही होते. अमेरिकेतील येल विद्यापीठात डॉ. शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी ७० वर्षांवरील ८५२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या कार्यक्रमात एकही नवे औषध नव्हते. रुग्णाला चष्मा आणि श्रवणयंत्र मिळेल याची खात्री करणे, आज कोणता वार आहे आणि कोण भेटायला येणार आहे याची उजळणी करणे, दिवसातून तीनदा चालवणे, वेळेवर पाणी पाजणे, आणि रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम पेय, मंद संगीत व पाठीची मालिश देणे, एवढेच त्यात होते. नेहमीच्या पद्धतीने काळजी घेतलेल्या गटात १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, तर या गटात ९.९ टक्क्यांना. याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो: डिलिरियम एकदा सुरू झाल्यावर मात्र त्याची तीव्रता या उपायांनी कमी झाली नाही. जे करायचे ते आधीच करावे लागते.

व्यायामाबाबतही पुरावा भक्कम आहे. १९९० मध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे वजनांच्या साहाय्याने पायांचा व्यायाम देण्यात आला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मूळची ताकद फारच कमी असल्यामुळे हा आकडा डोळे दिपवतो, आणि अभ्यासही लहान होता. २०१४ च्या मोठ्या चाचणीचे आकडे अधिक संयमी आहेत: ७० ते ८९ वर्षांच्या १,६३५ बैठ्या जीवनशैलीच्या व्यक्तींपैकी नियमित व्यायाम करणाऱ्यांत सुमारे अडीच वर्षांत ३०.१ टक्के जणांनी ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावली, तर केवळ आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्यांत ३५.५ टक्के जणांनी.

मग सारेच उपाय लागू पडतात का? २०२० मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीत ५,४५१ वृद्धांना पडून गंभीर दुखापत होऊ नये म्हणून प्रशिक्षित परिचारिकांनी प्रत्येकाचे धोके तपासून वैयक्तिक योजना आखून दिली, तरीही दुखापतींत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस घट दिसली नाही. येलच्या कार्यक्रमात स्वयंसेवक रुग्णाचा हात धरून त्याला प्रत्यक्ष चालवत होते. इथे मात्र योजना हाती पडल्यावर बराचसा भार रुग्ण आणि नेहमीची आरोग्यव्यवस्था यांच्यावर होता. निष्कर्षांतील फरकाचे हेच एकमेव कारण आहे असे म्हणता येणार नाही, परंतु सल्ला देणे आणि सल्ला अंमलात आणणे यांतील अंतर या क्षेत्रात वारंवार आडवे येते.

पडण्याच्या भीतीचा आणखी एक परिणाम असा, की सुरक्षिततेच्या नावाखाली रुग्णाला खाटेवरच ठेवले जाते. उठू लागताच वाजणारे गजर खाटांना बसवण्याचा उपाय २७ हजारांहून अधिक रुग्णांच्या एका चाचणीत तपासला गेला. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार गजरांचा वापर वाढला, पण पडण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. त्यामुळे आता पडणे किती टळले याबरोबरच रुग्ण दिवसाकाठी किती पावले चालला हेही मोजण्याकडे संशोधकांचा कल आहे. त्यासाठी पायाला बांधायचे छोटे संवेदक उपलब्ध आहेत. वॉर्डात कमतरता आहे ती रुग्णासोबत चालायला मोकळ्या असलेल्या माणसाची.