संक्रांत चौदाला की पंधराला? पंचांगाच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात एक प्रश्न हमखास निघतो: यंदा संक्रांत चौदाला की पंधराला? अक्षता, होम, नंदीध्वजांची मिरवणूक हे सगळं संक्रांतीभोवतीच ओवलेलं आहे. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. संक्रांत म्हणजे उत्तरायण, तर मग भूगोलाच्या पुस्तकात ते २२ डिसेंबरला कसं? धर्म आणि विज्ञान यांचा आपल्याकडचा इतिहास या दोन प्रश्नांच्या पोटात आहे. धर्मपीठ एका बाजूला आणि दुर्बीण दुसऱ्या बाजूला, अशी युरोपातली गोष्ट आपण शाळेत ऐकतो. ती तिथेही पुरती खरी नाही. १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरला गेला तो ईस्टरसाठी, आणि हुकूम पोपचाच होता. आपल्याकडे तर पंचांगाच्या वादाच्या दोन्ही बाजूंना शास्त्रीच होते.

उत्तरायणाचा प्रश्न मी एकदा गच्चीवर काठी लावून तपासला. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सर्वांत आखूड सावली खडूने खुणावली. २२ डिसेंबरला सावली सुमारे ८७ सेंटीमीटर भरली, संक्रांतीला ८१. म्हणजे आपण तीळगूळ वाटतो तोवर सूर्य तीन आठवडे उत्तरेकडे चाललेला असतो. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे आणि आपली संक्रांत ताऱ्यांवर बांधलेली आहे. त्यामुळे ती ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. सिद्धरामेश्वरांच्या काळी, १२ व्या शतकात, सूर्य वळण्यात आणि संक्रांतीत दहा-बारा दिवसांचंच अंतर होतं. विवेकानंद जन्मले ती संक्रांत १२ जानेवारी १८६३ ची. पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं असं आपण सर्रास म्हणतो, पण १४ जानेवारी १७६१ च्या तीन-चार दिवस आधीच संक्रांत होऊन गेली होती.

महाराष्ट्रातली पंचांगं पिढ्यान्‌पिढ्या ग्रहलाघवावरून होत असत. १५२० च्या सुमाराचा हा ग्रंथ कोकणातल्या नांदगावच्या ज्योतिषाने रचला. त्याचे वडील स्वतः आकाश बघून जुनी गणितं पडताळणारे होते, आणि मुलानेही ज्या सिद्धांतातला जो ग्रह आकाशाशी जुळला तो उचलला. पुढे मात्र ग्रंथ प्रमाण झाला आणि आकाशाकडे बघणं मागे पडलं. १९ व्या शतकात ग्रहणांच्या वेळा चुकू लागल्या, तेव्हा ही गोष्ट लोकांच्याही ध्यानात आली.

१८६५ मध्ये इंग्रजी कोष्टकांच्या आधाराने नवं पंचांग निघालं आणि वादाला तोंड फुटलं. या वादातला सर्वांत अवघड मुद्दा तिथीचा होता, आणि आज तो जवळजवळ विसरला गेला आहे. जुन्या गणिताप्रमाणे तिथी ६० घटकांहून फार तर पाच घटकांनी वाढते नि सहा घटकांनी घटते. याला ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणत. प्रत्यक्ष चंद्र बघितला तर वाढ सातपर्यंत आणि घट दहापर्यंत जाते. घटका २४ मिनिटांची, म्हणजे हा फरक पाऊण ते दीड तासाचा. एकादशी कोणत्या दिवशी, श्राद्ध कोणत्या दिवशी, हे तेवढ्याने बदलतं. एका पक्षाचं म्हणणं असं: ग्रहण डोळ्यांना दिसतं, तिथे प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं दृक्‌गणित घ्या. व्रताचं फळ अदृष्ट आहे, तिथे ऋषींचं गणितच चालेल. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. धर्मशास्त्रातले निर्णय पाच-सहा घटकांच्या त्या चौकटीवर उभे होते आणि ती मोडली तर पुढचं सगळं पुन्हा लावावं लागणार होतं. तरीही माझं मन दुसऱ्या पक्षाकडे आहे. ते म्हणत, चंद्र एकच आहे, ग्रहणाचा वेगळा आणि एकादशीचा वेगळा नाही.

दृक्‌गणित हळूहळू सर्वमान्य झालं. मग भांडण आलं ते राशिचक्र कुठून सुरू करायचं यावर. मुंबई, पुणे, सांगली इथे परिषदा भरल्या. टिळक पंचांगाने रेवतीतला एक मंद तारा धरला, इतरांनी ठळक चित्रा. दोघांत सुमारे चार अंशांचं अंतर पडतं, म्हणून टिळक पंचांगाची संक्रांत चार दिवस आधी येते. एखाद्या वर्षी अधिक महिनाही वेगळा पडतो आणि त्या घरांतले गणपती महिनाभर आधी बसतात. शंभरहून अधिक वर्षं सोलापुरातून निघणारं, राज्यभर चालणारं पंचांग चित्रापक्षाचं आहे. सायनवाल्यांनी १८८० च्या दशकात ताराच नको, ऋतू धरा, असं म्हणत वेगळं पंचांग काढलं. ते फार घरांत पोचलं नाही.

स्वातंत्र्यानंतर देशात तीसएक कालगणना चालू होत्या. १९५२ मध्ये केंद्राने समिती नेमली; अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ, सदस्यांत जुन्या वादातले जाणकार. १९५५ च्या अहवालाने दोन वाटा केल्या. सरकारी दिनदर्शिका सायन ठरली आणि २२ मार्च १९५७ हा १ चैत्र १८७९ झाला. सणांसाठी निरयन, म्हणजे ताऱ्यांवर बांधलेले, महिने ठेवले, पण अयनांश (ऋतूंच्या आणि ताऱ्यांच्या राशिचक्रांच्या आरंभातलं अंतर) २३ अंश १५ कलांवर कायमचा थांबवायचं सुचवलं. सण होते तिथे राहतील, ऋतूंपासून आणखी लांब जाणार नाहीत, इतकाच त्यामागचा हेतू होता. श्रद्धेला धक्का न लावता चूक वाढू न देणारा हा तोडगा होता. तो पंचांगकर्त्यांनी उचलला नाही. प्रचलित पंचांगांत अयनांश आजही दर वर्षी सुमारे ५० विकलांनी वाढतो आणि तीच संक्रांत आता चौदावरून पंधराकडे चालली आहे.

राष्ट्रीय दिनदर्शिकेत १ पौष २२ डिसेंबरला येतो, सूर्य खरोखर वळतो तेव्हा. त्या हिशेबाने १४ जानेवारीची संक्रांत २४ पौषाला पडते.