पार्श्वभूमी: जगाने डोक्यावर घेतलेले गेम सोलापुरात का चालले नाहीत

‘झेल्डा’, ‘फायनल फँटसी’, ‘डार्क सोल्स’. यातलं कुठलंही नाव सोलापुरातल्या तिशी-पस्तिशीच्या गेमरपुढे काढा, उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: “ग्राफिक भारी आहे, पण मजा नाही आली बे.” हाच गडी ‘जीटीए: व्हाइस सिटी’ दिसली की अजूनही खुर्ची ओढून बसतो. आपल्याकडच्या पोरांना डोकं लावायचे गेम झेपत नाहीत, असं यावर सर्रास सांगितलं जातं. हे आळशी स्पष्टीकरण आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये शेतं लावत, लाकूड मोजत बसणारी पोरं हीच होती. आवड कशी घडली हे बघायचं तर गेम कुठे, किती वेळ आणि कुणाच्या मशीनवर खेळले गेले, तिथून सुरुवात करावी लागते.

नव्वदच्या दशकाबद्दल फार लिहायला नको, टीव्ही गेम सगळ्यांनाच आठवतो. एवढंच नोंदवतो की ‘झेल्डा’ची कॅसेट १९८७ साली अमेरिकेत आली तेव्हा खेळ साठवून ठेवायला तिच्यात बॅटरी होती. आपल्या बाजारातल्या ‘९९९९ इन १’ नकली कॅसेटमध्ये असली बॅटरी घालायचा खर्च कोण करणार? त्यात मिळायचे ‘कॉन्ट्रा’, ‘मारिओ’, ‘रोड फायटर’. बटण बंद केलं की खेळ संपला, उद्या परत पहिल्या स्टेजपासून. पुढे ‘पोकेमॉन’चं कार्टून घरोघरी पाठ झालं, पण मुळात तो गेम आहे हे अनेकांना फार उशिरा कळलं.

खरी घडण झाली ती सायबर कॅफेत, साधारण २००३ ते २०१२ या काळात. नवी पेठ, सात रस्ता, अशोक चौक, कॉलेजांच्या आजूबाजूचे गाळे. मालकाच्या वहीत नाव आणि वेळ लिहायची, खिशात जेवढे पैसे तेवढाच वेळ बसायचं. काल तुम्ही ज्या मशीनवर होता ते आज रिकामं मिळेलच असं नाही. मिळालं तरी तुमची सेव्ह फाइल कुणी उडवलेली नसेल याची खात्री नाही. ‘मोस्ट वाँटेड’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये प्रत्येकाने आपल्या नावाचं प्रोफाइल काढायचं आणि पुढच्या आठवड्यात येऊन बघावं तर ते गायब, हे नेहमीचंच. त्यात लोडशेडिंग. राज्यात भारनियमनाचा कहर होता ती हीच वर्षं. सगळ्या मशीनना बॅकअप देणं लहान कॅफेवाल्याला परवडत नव्हतं. लाइट गेली की अर्ध्या तासाची मेहनत गेली, आणि मालकाशी वेळेचा वाद वेगळाच.

या परिस्थितीत कोणते गेम टिकले ते बघा. ‘काउंटर स्ट्राइक’ या गोळीबाराच्या गेमचा राउंड दोन-तीन मिनिटांत निकाली निघायचा. ‘क्रिकेट ०७’मध्ये पाच ओव्हरची मॅच एका बैठकीत व्हायची. ‘आयजीआय’ या दुसऱ्या गोळीबाराच्या गेममध्ये तर मिशन चालू असताना सेव्हची सोयच नव्हती. परदेशात यावरून त्या गेमला शिव्या बसल्या. इथे कुणाला त्यात काही खटकलं नाही, कारण सेव्ह हा प्रकार तसाही आपल्या हातात नव्हता.

‘व्हाइस सिटी’ तर या सवयीचा नमुनाच. हा गेम कथेचा आहे. टॉमी व्हर्सेटी, फसलेला सौदा, हळूहळू शहरावर कब्जा. सेव्ह करायला ओशन व्ह्यू हॉटेलात जाऊन गुलाबी कॅसेटच्या खुणेवर उभं राहावं लागे. कॅफेतल्या किती जणांनी ते केलं? बहुतेकांच्या खिशात वहीच्या पानाची घडी असायची आणि त्यावर बॉलपेनने इंग्रजीत चीट कोड: पॅन्झर टाइप केलं की रणगाडा, अ‍ॅस्पिरिन टाइप केलं की तब्येत ठणठणीत, लीव्हमीअलोन टाइप केलं की पोलिसांचे तारे गुल. स्पेलिंग चुकलं तर शेजारच्या खुर्चीतून हात यायचा. वर्षानुवर्षं हा गेम खेळूनही शेवटचं मिशन न पाहिलेली माणसं सोलापुरात ढिगाने सापडतील. याच मालिकेतला ‘जीटीए फोर’ डिसेंबर २००८ मध्ये पीसीवर आला आणि कॅफेच्या मशीनवर धड चालेना, हे त्याच्या अपयशाचं कारण सांगतात. ते खरंच आहे. पण ज्यांच्या घरी चालला त्यांनाही तो रुचला नाही. त्यात रणगाडाच नव्हता. वर चुलतभाऊ रोमन सारखा फोन करून बोलिंग खेळायला बोलवायचा. समीक्षकांनी ज्या बारकाव्यांचं कौतुक केलं, तेच इथे कटकट ठरले.

मग तीस-चाळीस तास चालणारे, संवादांनी भरलेले, पात्राची ताकद कणाकणाने वाढवायला लावणारे गेम तासाच्या हिशेबावर कसे रुजणार? ‘फायनल फँटसी’त पहिला तास ओळखीपाळखीतच जातो. शिवाय सगळं इंग्रजीत. घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, कॅफेत हिंदी बोलणाऱ्या पोराला पडद्यावरच्या इंग्रजी परिच्छेदांचं काय अगत्य असणार.

इथे ‘फॉलआउट थ्री’ या असल्याच लांबलचक कथेच्या गेमचा विषय काढावाच लागतो, कारण ही मालिका भारतात का चालली नाही याचं खापर अजूनही एकाच निर्णयावर फोडलं जातं. ऑक्टोबर २००८ मध्ये, गेम जगभर यायच्या तोंडावर, भारतात तो आणणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की इथल्या सांस्कृतिक संवेदनशीलतेमुळे गेम आणणार नाही. नेमकं काय खुपलं ते सांगितलं नाही. सरकारने बंदी घातली नव्हती, हा कंपनीचा स्वतःचा निर्णय होता. आजही लोक त्याला ‘बंदी’ म्हणतात ते चूक आहे. तर्क लावला गेला तो गेममधल्या दोन डोक्यांच्या गायीवर, कारण तिचं नाव ‘ब्राह्मिन’. पण ही गाय १९९७ च्या पहिल्या ‘फॉलआउट’पासून आहे, आणि २०१५ चा ‘फॉलआउट फोर’ त्याच गायीसकट इथे आला तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. मला तो निर्णय घाबरटपणाचा वाटतो. ज्यांच्या भावना दुखावतील असं धरलं, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. तरीसुद्धा सोलापूरपुरतं बोलायचं तर त्याने फरक पडला नसता. ज्या एक्सबॉक्स ३६० साठी तो गेम यायचा, ते मशीन २००६ साली भारतात आलं तेव्हा वीस हजारांच्या पुढेमागे होतं. डिस्क दुकानात असती तरी ती घालायला यंत्र कुठे होतं? पीसीवाल्यांना तर पायरेटेड डिस्क मिळतच होती. ज्यांनी ती लावली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी सुरुवातीच्या तळघरातच कंटाळून गेम सोडला. ‘हेलो’ या एक्सबॉक्सवरच्या गाजलेल्या गेमला तर निमित्त म्हणून असला वादसुद्धा मिळाला नाही. त्याचा तिसरा भाग २००७ चा, आणि पीसीवर आला जुलै २०२० मध्ये.

तोवर कॅफे संपत आले होते. २०११ च्या केंद्रीय नियमांनी ओळखपत्र, वर्षभर जपायच्या नोंदी, साडेचार फुटांहून कमी उंचीची पार्टिशनं हे सगळं मागे लावलं. कॅफेवाल्यांचा राग या नियमांवर होता. धंदा खरा बसवला तो मोबाइलने. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि मार्च २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला. फुकट, फार तर अर्ध्या तासाची मॅच, सोबत तीन मित्र, वाचायला जवळपास काही नाही. कॅफेत घडलेल्या हाताला यात नवीन शिकायचं फारसं नव्हतं. सप्टेंबर २०२० ची बंदी, जुलै २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ नावाने पुनरागमन, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर: एवढ्या उलथापालथीत पोरं मोठ्या कथेच्या गेमकडे वळतील असं काहींना वाटलं होतं. वळली ती ‘फ्री फायर’ या तसल्याच मोबाइल गेमकडे, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत त्यावरही बंदी आल्यावर ‘फ्री फायर मॅक्स’कडे.

आता खेळ इंटरनेटवर साठवणारं क्लाउड सेव्ह आहे, लाइटही बरी टिकते, तेव्हा जुनं कारण उरलं नाही असं कुणी म्हणेल. पण पीएस५ हे सोनीचं गेमचं मशीन. तो भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला. तो घरी घेण्यापेक्षा गेमिंग पार्लरमध्ये जाऊन तासावर खेळणं बहुतेकांना परवडतं. पार्लरात चालतात फुटबॉल, ‘टेकन’, कुस्ती. चौघांनी वर्गणी काढली की तास स्वस्त पडतो. ‘गॉड ऑफ वॉर’ एकट्याने खेळायचा, म्हणजे पूर्ण तासाचे पैसे एकाच्याच खिशातून, आणि मागे उभे असलेले तिघं “आटप की बे” म्हणत राहणार.